वाढत्या अंगाचा पाइप

मास्तरांनी आयुष्यात कुठलंही काम ठरल्या दिवशी दिलं नाही, आणि हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती, ते स्वतःच सांगत फिरायचे. दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "कोट कधी मिळेल?" मास्तर गळ्यातली टेप सारखी करत म्हणायचे, "मंगळवारी." जुनी गिऱ्हाइकं शहाणी झालेली. ती लगेच विचारायची, "कुठल्या मंगळवारी?" यावर मास्तर मान खाली घालून खडू शोधायला लागायचे.

दुसरा दोष याहून मोठा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, उद्या अंग भरलं तर कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला माया म्हणतात. बाकीचे शिंपी ती मोजूनमापून ठेवतात. मास्तर सढळ हाताने ठेवायचे. गिऱ्हाईक सुटो, फुगो, त्याला ढेरी येवो, मास्तरांचा कोट उसवून सैल करता यायचा आणि जन्मभर पुरायचा. त्यामुळे ते गिऱ्हाईक नवा कोट शिवायला पुन्हा कधी येत नसे. आपल्या हाताने आपलं दुकान बुडवणारा असा शिंपी शोधून सापडणार नाही, असं मास्तर बायकोला अभिमानाने सांगायचे. बायको म्हणायची, "अहो, हे सांगताना निदान हसू तरी नका."

ही खोड मूळची आईची. हातात सुई धरायला तिनेच शिकवलं होतं, आणि लहानपणी त्यांचे कपडेही तीच शिवायची, प्रत्येक कपडा पुढच्या इयत्तांना पुरून उरेल असा. "वाढत्या अंगाचं पोर आहे," एवढं एकच कारण. मास्तरांचं सगळं बालपण बाह्या दुमडण्यात गेलं. आता आई थकली होती, पण सकाळी चहा झाला की दुकानाच्या खिडकीशी येऊन बसायची आणि काजं करायची. तिच्यासारखी काजं आख्ख्या गल्लीत कोणाला जमत नव्हती. एवढी एक गोष्ट मास्तर थट्टा न करता सांगायचे.

तर अशा या मास्तरांनी एके दिवशी घराची भिंत फोडायला घेतली.

झालं होतं असं, की त्या वर्षी हवा कुंद ती कुंदच राहिली. बाहेर वाळत घातलेले कपडे घातले त्याहून ओले होऊन आत यायचे. मग घरात दोऱ्या बांधल्या. जिन्यात चादरी, स्वयंपाकघरात मोजे, आणि आईच्या खोलीत बाकी सगळं, कारण तिथे हीटर होता. हीटरने कपडे वाळायचे आणि कपड्यांतलं पाणी भिंतीला जाऊन बसायचं. आईच्या पलंगामागे ओलीचा एक डाग पडला, तो वाढत गेला, आणि डागाबरोबर आईचा खोकला वाढला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, घरात ओला कपडा नको.

हे ताईच्या कानावर गेलं. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका, आणि घरातही तीच. तिने फोनवर एकच वाक्य सांगितलं, "मी रविवारी येतेय, भिंत बघणार, आणि भिंत तशीच असेल तर आईला घेऊन जाणार."

ताईचं घर कोरडं, ऊबदार आणि लखलखीत होतं, यात वादच नव्हता. पण सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की तिथे संध्याकाळपर्यंत चिटपाखरू नसायचं. आई तिथे दिवसभर काय करणार? खिडकीत बसून कोणाची काजं करणार? मास्तरांनी आईला विचारलं, तुला काय वाटतं. आई म्हणाली, "मला काय, कुठेही." पण आपली सुई, दोरे आणि लहान कात्री तिने एका डब्यात भरून खिडकीत ठेवली होती. तो डबा न्यायला भरलाय की मागे ठेवायला, हे विचारायचं धाडस मास्तरांना झालं नाही.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी ड्रायर आणला. कपडे वाळवायचं यंत्र. आणून देणारी माणसं दुकानामागच्या चिंचोळ्या खोलीत, आईच्या भिंतीला लागून ते ठेवून गेली. जाताना म्हणाली, "याची ओली हवा पाइपाने बाहेर काढावी लागते. भिंतीतून. फिटर पुढच्या आठवड्यात येईल." पुढच्या आठवड्यात येऊन काय उपयोग? रविवार या आठवड्यात होता.

मास्तर यंत्राच्या पाठीमागे वाकून बघत राहिले. तिथे एक गोल भोक होतं. समोर घराची बाहेरची भिंत होती. मधे अंतर हातभर.

"ही तर बाही आहे," ते बायकोला म्हणाले.

"काय आहे?"

"बाही. बाही जोडायला कापडात गोल मुंढा कापतात ना, तसा भिंतीला पाडायचा, इकडचं टोक मशीनला, तिकडचं मुंढ्यात. जन्मभर बाह्याच लावतोय मी."

बायको लगेच दुकानातले सगळे कोट चादरीखाली झाकून ठेवायला गेली. तेवढ्यावरून मास्तरांनी सावध व्हायला हवं होतं.

हार्डवेअरच्या दुकानदाराने काउंटरवर पत्र्याचा सरळ पाइप ठेवला. "हा घ्या. आखूड ठेवा, सरळ ठेवा, आतून गुळगुळीत ठेवा. कपड्यांची लव झडते, ती पाइपात अडकली की हवा कोंडते. आणि तापली की पेट घेते."

मास्तरांचं लक्ष मात्र मागच्या खुंटीवर होतं. तिथे चंदेरी पाइप लटकत होता, मऊ, लांबलचक, अंगभर बारीक चुण्या पडलेला. इतक्या सारख्या चुण्या हाताने घालायच्या तर आठवडा गेला असता. मास्तर हरखले.

"तो द्या."

"अंतर किती आहे तुमचं?"

"हातभर."

"मग हा कशाला? हा खोलीला वेढा घालेल."

"असू दे. जरा माया हवी."

दुकानदाराला माया कळली नाही, पण गिऱ्हाईक हट्टी आहे हे कळलं. "जास्तीचा कापून टाका बरं का," असं त्याने दोनदा बजावलं. मास्तरांनी दोनदा मान डोलावली. मान डोलवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, हे त्यांचं स्वतःचंच म्हणणं.

मग त्यांनी काम बेतलं. कागदाचा गोल कापला, भिंतीला लावला, खडूने आखला. आणि सवयीने त्याच्याबाहेर आणखी एक गोल आखला. मुंढा जरा सैलच बरा. शेजाऱ्याचं ड्रिल आणून बाहेरच्या गोलावर भोकं पाडली, मधला भाग छिन्नीने पाडला, आणि धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तर पाइपाच्या जोडीला मांजरही आरामात आत-बाहेर करू शकेल असं भगदाड पडलं होतं. उरलेल्या फटीत त्यांनी कोटाच्या खांद्यात घालायचा कापूस दाबून बसवला. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "वा. भिंतीला खांदे आले."

पाइपाची टोकं पट्टीने आवळायची होती. मास्तरांनी आवळली. पण नुसत्या पट्टीवर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी भोवताली टाचण्या टोचल्या, शिवण्याआधी टाचतात तशा. बाहेरच्या तोंडावर झडपेची टोपी लावायची होती. ती लावली. तिच्यातून किडामुंगी आत येईल असं वाटून तिला बुरख्याची बारीक जाळी शिवली, हेमिंगसुद्धा केलं. पाइप कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी कात्री हातात घेतली, पाइपाकडे बघितलं आणि कात्री खाली ठेवली. उद्या यंत्र सरकवावं लागलं तर? परवा दुसऱ्या खोलीत न्यावं लागलं तर? सगळा पाइप त्यांनी यंत्रामागे वेटोळं करून दाबून बसवला. दिसायला ते छान दिसलं.

पहिल्यांदा यंत्र चालू केलं तेव्हा सगळे बघायला आले. आई खुर्ची घेऊन बसली. टॉवेल गरगर फिरले, बाहेर झडप फडफडली, आणि तासाभराने टॉवेल असे निघाले की बायकोने ते गालाला लावले. घरातल्या दोऱ्या उतरवल्या. मास्तर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मागे नेऊन पाइप दाखवू लागले. फिटर लोक उगाच भाव खातात, असंही एकाला म्हणाले. त्या वाक्याची आठवण झाली की पुढे कितीतरी दिवस त्यांचे कान तापायचे.

कारण दुसऱ्या दिवशी कपडे अर्धवट ओले निघाले. त्यानंतर त्याहून ओले. यंत्र मात्र तापायला लागलं आणि खोलीत आंघोळ झाल्यासारखी वाफ भरू लागली. मास्तरांनी आधी यंत्राला दोष दिला, मग विजेला, मग टॉवेलांना. शनिवारी सकाळी आईच्या खोलीत जाऊन त्यांनी पलंगामागे हात लावला. हात ओला झाला. डाग आता खिडकीपर्यंत पोचला होता, आणि आई रात्रभर खोकत होती हे त्यांनी वर झोपून ऐकलंच होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून खट्ट आवाज आला. यंत्र आपोआप बंद पडलं होतं. मास्तर धावले. खोलीत इस्त्री कापडावर विसरल्यावर येतो तसा वास होता. शिंप्याला तो वास झोपेतही कळतो. बाजूच्या भिंतीच्या पलीकडे आईचं डोकं होतं, हातभर अंतरावर. मास्तरांनी प्लग ओढून काढला आणि जमिनीवर बसून राहिले. स्वतःची थट्टा करायला आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडेना.

आई भिंतीला धरत धरत आली. स्टुलावर बसली. यंत्रामागे वाकून तिने त्या चंदेरी वेटोळ्याकडे पाहिलं.

"हे एवढं कशाला ठेवलंयस रे?"

"असू दे म्हटलं. पुढेमागे लागलं तर."

"कोणाला लागणार?" आई म्हणाली. "ते काय वाढत्या अंगाचं आहे?"

मास्तरांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ते घाईघाईने यंत्र पुढे ओढायला लागले.

पट्टी सोडली तशी वेटोळ्याच्या पोटातलं पाणी भसकन त्यांच्या मांडीवर सांडलं. गरम हवा तेवढं लांब जाता जाता वाटेतच थंड होत होती आणि पाणी होऊन खोलगटात साचत होती. प्रत्येक चुणीत लव बसलेली. प्रत्येक टाचणीला लवेचा झुपका. बाहेर जाऊन पाहिलं, तर बुरख्याच्या जाळीवर राखाडी गादी तयार झालेली, एखादी उशी भरेल एवढी, आणि झडप तिच्यामागे गपगुमान मिटलेली. हवेला जायला जागाच नव्हती. म्हणून ती कापसाच्या खांद्यांतून परत येऊन सरळ आईच्या भिंतीत शिरत होती. एकही गोष्ट मास्तरांनी निष्काळजीपणे केली नव्हती. जिथे जिथे जीव ओतला होता, नेमकं तिथे तिथे चुकलं होतं.

दुकानदाराने त्यांना पाहिलं, त्यांची ओली पँट पाहिली, आणि काही न विचारता तोच पत्र्याचा सरळ पाइप काउंटरवर ठेवला. जोडावर लावायची चंदेरी पट्टी आणि भिंतीत भरायला सिमेंटही दिलं. मास्तर म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं." दुकानदार म्हणाला, "सगळ्यांनाच सांगतो." तेवढ्याने मास्तरांना जरा बरं वाटलं.

घरी येऊन त्यांनी अंतर मोजलं. खडूने पाइपावर खूण केली. मग टेप पुन्हा लावली आणि खूण जरा पुढे केली. आई स्टुलावरून बघत होती.

"पुसून टाक ती."

"आई, जरा तरी..."

"आण इकडे." तिने खडू घेतला, त्यांच्याकडून टेप धरून घेतली आणि बरोबर मापावर, केसभरही पुढे नाही, अशी बारीक रेघ मारली. रेघ सरळ आली. "इथे काप."

जन्मभर ठेव ठेव म्हणणारी ही बाई काप म्हणत होती. मास्तरांनी पत्रा कापायची कात्री लावली. जास्तीचा तुकडा खणकन फरशीवर पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगा. पण पाइप नेमका बसला. ना टाचणी, ना जाळी, ना चुणी. फट सिमेंटने बुजवली, सिमेंट धरेपर्यंत थांबले, आणि संध्याकाळी यंत्र चालू करून मास्तर बाहेर जाऊन उभे राहिले. झडप सताड उघडली आणि गरम, ओली हवा त्यांच्या चष्म्यावर आली. काही दिसेना, तरी ते तिथेच उभे राहिले.

पण भिंत काही एका रात्रीत सुकत नाही.

रविवारी ताई आली. चप्पल काढली, आईच्या खोलीत गेली आणि पालथा हात भिंतीला लावला.

"ओली आहे."

"कालच काम नीट झालंय, ताई. आठवड्यात सुकेल. तू मागे येऊन बघ, एकदम सरळ..."

"तुझा आठवडा मला माहीत आहे," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मास्तरांना त्याचीच भीती वाटली. रागावलेल्या ताईला हसवता यायचं. "आई, कोट घाल. निघू आपण."

आईने खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. मास्तरांनीच शिवलेला, पुष्कळ वर्षांपूर्वी, तिच्या मापाने, अंगाबरोबर बसणारा. आता खांद्याची शिवण दंडावर आली होती. बाहीतून नुसती बोटांची टोकं दिसत होती. आईला रोज शालीत बघायची सवय झालेली. कोटात चहा घेऊन आलेल्या बायकोसकट तिघांनीही तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मास्तर दिवसातून दहा माणसांची मापं घ्यायचे. घरातलं हे माप कधी उतरलं, ते त्यांना कळलं नव्हतं.

"हे बघ," ताई हळू आवाजात म्हणाली. "हे बघ, आणि मग मला सांग इथे राहू दे म्हणून."

शरमेने मास्तरांची मान खाली गेली. खडू शोधायचं सोंगही आज जमेना.

आईने कोट काढला. घडी घातली आणि मास्तरांच्या हातात दिला.

"असल्या ढगळ कोटात मी लोकांसमोर जायची नाही," ती म्हणाली. "शिंप्याची आई आहे मी. आधी हा बसता करून दे. तो अंगात घालूनच जाईन."

"अगं, माझ्याकडे आहेत कोट," ताई म्हणाली.

"मला हाच हवा." मग आईने मास्तरांकडे मान वळवली. "कधी देशील?"

कप ठेवता ठेवता बायकोचा हात थांबला. मास्तरांनी आईकडे पाहिलं. आईचा चेहरा एखाद्या नव्या गिऱ्हाइकाइतका भाबडा होता. त्यांचा हात आपोआप टेपकडे गेला.

"मंगळवारी," ते म्हणाले.

"कुठल्या..." ताईच्या तोंडून सवयीने निघालं आणि ती थांबली. तिने भावाकडे पाहिलं, मग आईकडे. आई दुकानाच्या खिडकीशी जाऊन बसली होती. डबा उघडून तिने सुई काढली होती आणि दोरा ओवायला उजेडाकडे धरली होती. मग ताईने पर्स, फोन असं काही शोधायचं सोंग न करता सरळ डोळे पुसले, आणि दोरा ओवून द्यायला पुढे झाली.

"भिंत बघायला मी दर रविवारी येणार," ती जाताना म्हणाली. "आणि कोटाचीही चौकशी करणार."

"कर की," आई म्हणाली.

भिंत सुकली. डागाची कड तेवढी राहिली, ती मास्तरांनी पुसू दिली नाही. फुशारकी मारायचा मोह झाला की बघायला बरी, म्हणाले. खोकला उतरला. आईला थंडी वाजू नये म्हणून त्यांनी तिला एक नवा कोट शिवला, तिच्या आत्ताच्या मापाचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक काम ठरल्या दिवशी दिलं. आईने तो घातला, बाहीची लांबी बघितली, आणि बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. आत जाडसर लागलं. चांगली सढळ माया होती.

"पाइपावरून काही शिकला नाहीस," ती म्हणाली.

"पाइपाची गोष्ट वेगळी," मास्तर म्हणाले. "तू जरा जेवत जा."

जुना कोट दुकानातल्या खुंटीवर आहे, टाचण्या लावलेला, एक बाही उसवलेली. ताई रविवारी येते आणि विचारते, झाला का. मंगळवारी होईल, असं मास्तर तिला सांगतात.